भरीव म्हणून घेतलेलं दार

१

इंदुताई वारल्या त्या मंगळवारी दिवेलागणीच्या आत त्रिवेणीचा फोटो तारनाक्याच्या त्या सोसायटीतल्या एकशे बारा मोबाईलांवर जाऊन पोचला होता. खाली इंग्रजीत दोन ओळी. मतलब एवढाच, की ही बाई म्हातारीला खोलीत कोंडून बाहेर निघून गेली, म्हातारी आत तडफडून मेली, हिला कुणी दारात उभं करू नका. दुसऱ्या दिवशी तो फोटो शेजारच्या दोन सोसायट्यांत गेला आणि तिसऱ्या दिवशी काचीगुड्याच्या मराठी माणसांत. माणूस मेल्याची बातमी या शहरात हळूहळू पोचते. गरिबाचं नाव मात्र एका दुपारीत जातं.

चौदाव्या दिवशी सकाळी अंबाजीला पल्लवीचा फोन आला.

अंबाजी अंबरपेठेतला सुतार. तीस वर्षं रेल्वेच्या कारखान्यात डब्यांचं लाकूडकाम केलेला, आता सत्तरीला टेकलेला. त्रिवेणी त्याच्या शेजारच्या खोलीत राहायची. नवरा गेल्यापासून एकटी, म्हाताऱ्याकोताऱ्यांची सेवा करून पोट भरणारी. तिला इंदुताईंकडे आठ महिन्यांपूर्वी शब्द टाकून लावली होती ती अंबाजीनंच. फोटो तिचा होता, पण काळं याच्याही तोंडाला लागलं होतं.

पल्लवी ही इंदुताईंची सून. पुण्याची, कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या जागेवर. ती म्हणाली, काका, आईंच्या खोलीचं दार आजच्या आज काढून न्या, मला ते बघवत नाही. आणि आवाज खाली आणून म्हणाली, "सारंग आज पाच वाजता पोलीस ठाण्यात जाणारेय. त्रिवेणीनं कडी लावली असं लिहून द्यायला."

फोन ठेवल्यावर अंबाजी बराच वेळ हातातल्या पटाशीकडे बघत राहिला. दार काढायला बोलावणाऱ्या बाईनं दुसरी गोष्ट सांगायचं कारण काय?

२

निघण्याआधी तो त्रिवेणीकडे गेला. ती चुलीशी बसली होती, पण चूल पेटलेली नव्हती. ज्या एजन्सीतून ती कामाला जायची, तिनं तिचं ओळखपत्र काढून घेतलं होतं. समोरच्या किराणावालीनंही परवा तिला विचारलं होतं, कायकू की गं, खरंच कोंडली का?

त्यानं तिला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. तिनं सांगितलं ते असं. इंदुताईंना विसरभोळेपणाचा आजार. कधी उठून चालू लागतील नेम नाही, म्हणून मुलानं, सारंगनं, खोलीला बाहेरून कडी बसवून घेतलेली. त्रिवेणी ती कडी कधीच लावत नसे. आजी उठल्या की ती त्यांच्याबरोबर उठायची. त्या दिवशी रक्तदाबाची गोळी संपली. सारंग घरूनच काम करत होता, त्यानंच तिला तीन वाजता औषधाला पाठवलं. जवळच्या दुकानात गोळी मिळाली नाही, लांब जावं लागलं. चार वाजून दहा मिनिटांनी परत आली तर कडी लावलेली. तिनं ती काढली, दार लोटलं, तर ते वीतभर उघडून अडलं. आत आजी दाराला पाठ लावून पडल्या होत्या.

"डॉक्टर म्हणाले, पडून मांडीचं हाड मोडलं आणि मग हृदय बंद पडलं," त्रिवेणी म्हणाली. "मामा, मी हाका मारल्या तेव्हा साहेब शेजारच्याच खोलीतून आले. शेजारच्याच."

घरात त्या वेळी दुसरं कोणी होतं का, असं त्यानं विचारलं. कोणी नव्हतं. पल्लवी ऑफिसात होती.

म्हणजे कडीला हात दोघांचेच लागू शकत होते. एक हात औषध आणायला गेलेला, दुसरा पाच वाजता सही करणारा. आणि पोलीस कुणाच्या हातावर विश्वास ठेवतील हे सांगायला सुतार लागत नाही.

३

अंबाजी लिफ्टनं तिसऱ्या मजल्यावर पोचला तेव्हा सारंगनं स्वतःच दार उघडलं. डोकं भादरलेलं, डोळे खोल गेलेले. दार काढण्याची गोष्ट त्याला ठाऊक नव्हती, हे त्याच्या चेहऱ्यावरच दिसलं. बायकोकडे एकदा बघून तो बाजूला झाला.

अंबाजी इंदुताईंच्या खोलीच्या दारासमोर उभा राहिला. दिसायला देखणं. हॉलच्या बाजूनं सागवानाचा पातळ पापुद्रा चिकटवून पॉलिश केलेलं, आतल्या बाजूनं पांढरा रंग. या कडेपासून त्या कडेपर्यंत सपाट. कुठं पॅनेल नाही, नक्षी नाही, सांधा नाही. फ्लश डोअर म्हणतात ते.

त्यानं सहज विचारावं तसं विचारलं, त्या दिवशी काही ऐकू आलं नाही का साहेब?

सारंगनं उत्तर तयार ठेवलं होतं. कपाटातून त्यानं दाराचं वॉरंटी कार्ड काढून आणलं, जसं काही पोलीसच आलेत. त्यावर लिहिलं होतं, पस्तीस मिलिमीटर, आतून भरीव लाकूड. "दार बंद असलं की या घरात या खोलीतलं त्या खोलीत ऐकू येत नाही, काका. म्हणून तर महागाचं घेतलं. तिनं कडी लावून जाताना मला सांगितलं असतं तरी..." त्याचा आवाज तिथंच चिरकला.

अंबाजीनं कार्ड वाचलं नाही. त्यानं मधलं बोट वाकवून दारावर तीन ठिकाणी टकटक केली. कडेला, मध्यावर, पुन्हा कडेला. मग स्टूल मागितलं, वर चढला आणि दाराच्या माथ्यावरून बोट फिरवलं. दाराचा माथा कोणी रंगवत नाही. सुतार आळस करतो, मालक वर बघत नाही.

बोटाला दोन भोकं लागली. बोरूच्या टोकाएवढी.

तो खाली उतरला आणि पल्लवीला म्हणाला, बाई, एक कप चहा टाका. सारंगला फोन आला तसा तो आपल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. तेव्हा अंबाजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन हळूच बोलला.

"हे दार भरीव नाही. ढोल हाये ढोल."

४

पल्लवीला ते कळेना. मग त्यानं तिला समजावलं, जसं कारखान्यात नव्या पोरांना समजवायचा. जुन्या घरांत पॅनेलचं दार असतं. चारी बाजूंनी जाड लाकडाची चौकट आणि तिच्या खाचांत बसवलेल्या फळ्या. वजनदार, थंडीत आक्रसतं, पावसाळ्यात फुगून चिकटतं, पण त्याच्यात लपवायला जागा नसते. जे आहे ते दिसतं. फ्लश दार म्हणजे दोन बाजूंना प्लायचे दोन पत्रे आणि मधे काहीतरी. मधे लाकडाचे ठोकळे खच्चून भरले तर ते भरीव. न्हाणीघरासारख्या ओल्या जागी त्यातलंही पाण्याला टिकणारं बघून घ्यावं लागतं, नाहीतर लोक सरळ प्लास्टिकचं लावतात. आणि मधे नुसत्या चार पट्ट्या टाकून बाकी हवा सोडली, तर ते पोकळ. पोकळ दाराच्या पोटातली दमट हवा बाहेर जावी म्हणून माथ्याला भोकं पाडून ठेवतात. भरीव दाराला ती लागत नाहीत. पोकळ दारही वाईट नसतं. हलकं, सरळ, कपाटाच्या खोलीला चांगलं. वाईट असतं ते पोकळ विकून भरीव सांगणं.

"तुमाला फसवलं दुकानदारानं," तो म्हणाला. "आन् साहेब त्याच्याच कागदावर भरोसा ठेवून बोलायलेत."

पल्लवीच्या हातातली साखर ओट्यावर सांडली. ती म्हणाली, म्हणजे आवाज...

"खोकला तरी ऐकू येईल बाई."

मग तो खोलीच्या आत गेला आणि दार लावून घेतलं. आतली पांढरी बाजू त्यानं अजून पाहिलीच नव्हती. खोलीत खाट उभी करून ठेवलेली, फरशी फिनेलनं पुसलेली. तो वाकला, मग गुडघ्यावर बसला, मग फरशीवरच मांडी घातली. आणि त्याला दिसलं.

जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवर रंगात कोरी उमटल्या होत्या. चंद्रकोरीसारख्या. एक, दोन, पाच, दहा. अगदी खाली, जिथं आत तळाची लाकडी पट्टी होती, तिथं नुसता रंग उडालेला. तिच्या वर, जिथं आत हवा होती, तिथं प्लाय चेपून आत गेलेलं. सागवानी फळी असती तर तिनं एवढं अंगावर घेतलं नसतं. रंगाच्या कडा अजून पांढऱ्याफेक होत्या, धूळ बसलेली नव्हती.

अंबाजीनं बोट ठेवून मोजायला सुरुवात केली. चाळीसनंतर त्यानं मोजणं सोडून दिलं. पाठीमागं खिडकीबाहेरून पाठोपाठ बस जात होत्या. पडलेल्या बाईनं, मोडक्या मांडीनं, बसल्या जागी, इतक्या वेळा ठोकलं होतं.

पण कशानं?

५

खालच्या मजल्यावर शैला राहायची, शाळेतून निवृत्त झालेली मराठी बाई. अंबाजीनं तिच्या घरची खिडकी एकदा दुरुस्त केली होती. तिनं त्याला बसवलं, पाणी दिलं आणि त्रिवेणीवर तोंडसुख घ्यायला लागली. एवढी माया दाखवायची हो, आणि बघा.

त्यानं तिला बोलू दिलं. मग विचारलं, त्या दुपारी वरून काही आवाज?

शैला एकदम थांबली. सोसायटीचा नियम होता, दुपारी दोन ते चार सुतारकाम, ड्रिलिंग बंद. त्या दिवशी वर ठोकाठोकी चालली होती. तिची झोपमोड झाली. तिनं रागानं ग्रुपवर लिहिलं होतं. तिनं मोबाईल काढला, बोटानं वर वर सरकवत नेलं आणि तो मेसेज सापडल्यावर तिचं तोंड उतरत गेलं. तीन वाजून बेचाळीस मिनिटं. तिसऱ्या मजल्यावर कुणाचं सुतारकाम चाललंय, कृपया नियम पाळा.

खाली सोळा जणांनी अंगठा दाखवला होता.

"मला वाटलं सुतार आहे," शैला म्हणाली. आणि मग पुन्हा, कुणाला उद्देशून नाही, "मला वाटलं सुतार आहे."

सिमेंटच्या स्लॅबमधून जे खाली ऐकू आलं, ते भिंतीपलीकडच्या माणसाला आलं नाही, असं कोण म्हणेल? पण हेही अंबाजीला कळत होतं, की ऐकू आलं म्हणजे कडी त्यानंच लावली असं होत नाही. वकील म्हणेल, बाईनं लावली, मुलाचं लक्ष नव्हतं, संपलं. त्रिवेणी तशीच अडकलेली राहील. घड्याळात साडेतीन वाजून गेले होते.

जिन्यातच त्यानं त्रिवेणीला फोन लावला आणि विचारलं, आजींना पाणी कशातून द्यायचीस?

तिला प्रश्नाचं नवल वाटलं. झाकणाच्या प्लास्टिकच्या कपातून, दुसरं काय. स्टील त्या खोलीत जातच नव्हतं. उन्हाळ्यात, जुन्या भाड्याच्या घरात, आजी पेल्यानं भिंत ठोकत बसायच्या, तेव्हापासून पल्लवीताईनं सक्त बंदी केली होती. चमचासुद्धा नाही.

"आन् ह्या घरात राहायला कधी आलाव तुमी?"

दसऱ्याला, ती म्हणाली. दारंबिरं तेव्हाच बसवली.

अंबाजी जिन्याच्या पायरीवर खाली बसला. बंदी उन्हाळ्यातली. दार दसऱ्यातलं.

६

चार वाजता तो परत वर आला तेव्हा सारंग शर्ट बदलून तयार होता. अंबाजीनं त्याला आणि पल्लवीला इंदुताईंच्या खोलीत बोलावलं. हत्यारांची पिशवी त्यानं उघडली नव्हती, हे दोघांच्याही लक्षात आलं.

त्यानं त्यांना खाली बसायला लावलं, फरशीवर, आणि दार लावून त्या कोरी दाखवल्या. पल्लवीनं तोंडावर हात घेतला. ती या खोलीत चौदा दिवस आली नव्हती. सारंगनं नजर वळवली. त्यानं त्या आधी पाहिल्या होत्या.

अंबाजी सावकाश बोलत गेला. ह्या कोरी गोल काठाच्या भांड्याच्या आहेत, स्टीलच्या पेल्याच्या. प्लास्टिकनं रंगालाही चरा पडला नसता. हे दार लागून चारच महिने झालेत आणि या चार महिन्यांत या खोलीत स्टील येऊ द्यायचं नाही असा घरचा नियम. तो नियम त्रिवेणीला पाठ होता. पल्लवीबाईंनी तर केलाच होता. मग त्या दिवशी पेला आत कोण घेऊन आलं?

"ज्याला नियमच म्हाईत नव्हता, त्यानं," तो म्हणाला. "ज्यानं आठ महिन्यांत आईला एकदाबी आपल्या हातानं पाणी दिलं नव्हतं."

त्यानं एका कोरीवर बोट ठेवलं.

"पेला आत आला तो त्रिवेणी गेल्यावर. तिच्यादेखत तिनं ठेवू दिलाच नसता. म्हंजे ती गेल्यावर दार उघडं होतं आन् कुणीतरी आत येऊन गेलं. मग कडी तिची कशी, साहेब? कडी शेवटी बाहेर पडणाराची."

सारंग म्हणाला, कुठाय पेला? या खोलीत पेला नव्हता. बुडणाऱ्यानं काडी धरावी तसं त्यानं ते म्हटलं.

तेव्हा पल्लवी बोलली. त्या संध्याकाळी खाटेखाली तिला पेला सापडला होता. काठ चेपलेला. तिनं तो उचलला, घासला आणि मांडणीवर उपडा घातला. घासताना तिला कळलं होतं. "मला कळलं होतं, सारंग. चौदा दिवस मी रोज तो पेला बघतेय आणि गप्प बसलेय. माझ्यानं आता होत नाही."

सारंगचा चेहरा ओल्या पुठ्ठ्यासारखा ढासळला.

मग त्यानं सांगितलं, त्रिवेणी गेल्यावर आईनं पाणी मागितलं. त्यानं स्वयंपाकघरातला पहिला हाताला लागला तो पेला भरून दिला. सव्वातीनला परदेशातल्या लोकांबरोबर मीटिंग होती. मागच्या मीटिंगमध्ये आई केस मोकळे सोडून कॅमेऱ्यासमोर येऊन उभी राहिली होती आणि तिकडचे लोक हसले होते. म्हणून त्यानं कडी लावली. अर्ध्या तासासाठी. मग ठोकणं सुरू झालं.

"ती रोजच काहीतरी ठोकायची, काका," तो म्हणाला. "पडली असेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मी... मी हेडफोन लावला. आवाज वाढवला. मग एकदा हेडफोन काढून बघितलं तर ठोकणं थांबलं होतं. मला बरं वाटलं, काका. मला वाटलं झोपली."

अंबाजीला त्याच्या तोंडात मारावंसं वाटलं आणि त्याच वेळी त्याचं डोकं छातीशी धरावंसं वाटलं. त्यानं दोन्हीपैकी काहीच केलं नाही. आई मारायला कुणी निघत नाही. मीटिंग संपायची वाट बघतात, एवढंच. पण मग जी बाई त्या आईचं शी-मू काढत होती, तिचा फोटो ग्रुपवर टाकून ते मरण तिच्या गळ्यात अडकवायला मात्र याला चार तासही लागले नव्हते. अंबाजीला गिळवत नव्हतं ते हे.

"पाच वाजत आलेत," तो म्हणाला. "चला."

७

ठाण्यातल्या सबइन्स्पेक्टर बाईनं सगळं ऐकून घेतलं. मग नवा कागद पुढं सरकवला आणि जे बोललात ते लिहा म्हणाली. पुढं काय कलम लागेल ते वरचे ठरवतील. त्रिवेणीला अंबाजीनं फोन करून बोलावून घेतलं होतं. ती बाकाच्या टोकाला बसली होती, पदर दोन्ही हातांनी धरून. बाई तिला म्हणाली, अम्मा, तुझ्यावर काही नाही, घरी जा.

त्रिवेणी उठली नाही.

सारंगनं सही केली आणि तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. हात जोडले. म्हणाला, एजन्सीला मी स्वतः फोन करतो, तुम्हाला परत लावून घेतील. तिनं त्याच्याकडे बघितलं. या माणसाला आठ महिने तिनं चहा दिला होता आणि त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिल्याचं तिला आठवत नव्हतं.

"माझा फोटो जिथं टाकला, तिथं सांगा," ती म्हणाली. "लिहू नका. वॉचमनला वाचता येत नाही, कामवाल्या बायांना येत नाही. तोंडानं बोला."

त्यानं मोबाईल काढला. बटण दाबून धरलं आणि बोलला, की त्रिवेणीताईंबद्दल गैरसमज झाला होता, त्याबद्दल...

"गैरसमज नव्हता," त्रिवेणी म्हणाली. आवाज चढला नाही. "पुन्हा बोला."

सबइन्स्पेक्टर बाईनं लिहिणं थांबवलं. पल्लवी भिंतीकडे तोंड करून उभी होती. सारंगनं पहिलं पुसलं आणि पुन्हा बटण दाबलं. या वेळी त्याला बराच वेळ लागला. आधी नुसता श्वास. मग शब्द.

"मी सारंग बोलतोय, तिसरा मजला. कडी त्रिवेणीनं लावली नव्हती. मी लावली होती. आई ठोकत होती. मी ऐकत होतो."

त्यानं बोट उचललं. मेसेज गेला. एकशे बारा मोबाईलांवर एकामागून एक तो ऐकला जाऊ लागला; तो स्क्रीनकडे बघत राहिला, त्रिवेणीही. ज्यांनी चौदा दिवसांपूर्वी तिच्या फोटोखाली भराभर हात जोडले होते, शिव्या घातल्या होत्या, त्यांच्यातल्या एकानंही काही लिहिलं नाही. पाच मिनिटं गेली. दहा गेली.

मग त्रिवेणी उठली, पदर खोचला आणि अंबाजीला म्हणाली, "चला मामा. माझी आजी गेली, आन् मला अजून रडायलाबी मिळालं नाही."